थुंकी

"आयुष्यभर कुणाची थुंकी झेलली नाही मी,
आणि तू माझीच झेलायला निघालीस?"
लॉखलिनकाका हसला, मग खोकला,
खाणीतला जुना काळा खाकरा रुमालात घेतला
आणि रुमाल माझ्यापुढे धरला.
"घे. फुकट आहे."

फुकट नव्हती.
चारशे एकोणपन्नास डॉलर, टपालखर्च वेगळा.
नोव्हेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी तीनशे एकोणचाळीस.
मी ग्लेस बेमध्ये शाळेची बस चालवते.
त्या सप्टेंबरात माझ्या गाडीला बर्फाचे टायर घ्यायचे होते.
एकशे दहा डॉलर म्हणजे एक टायर.
हिशेब मी दोनदा केला, दोन्ही वेळा बरोबर आला.

आजोबांचं सांगायचं राहिलं.
हेक्टर, वय सात, एकटा,
हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर उतरला तेव्हा कोटाला पुठ्ठ्याचं लेबल,
त्यावर एक आकडा,
आणि आडनावाच्या जागी खाऱ्या पाण्याने पसरलेली शाई.
ज्या शेतकऱ्याने त्याला गुरांमागे ठेवला
तो पिठाच्या पोत्यावर वाचून म्हणाला, "लिहा, टॉलमन."
आम्ही सगळे त्या पोत्याचे.

त्याआधीचं नाव कागदावर कुठेच नाही.
त्याचा माग आहे तो एका आखूड गुणसूत्रात,
बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या,
मुलीच्या दारात न येणाऱ्या.
वंशाचा दिवा म्हणतात तो एवढासाच असावा.
माझ्या बापातला जमिनीखाली अर्ध्या मैलावर विझला, मी चौथीत असताना.
उरला लॉखलिन. बिनलग्नाचा, एकोणनव्वद वर्षांचा,
दीड फुप्फुसावर मिनमिनणारा.

पहिल्या माणसाचं सगळं वाचायला म्हणे कोट्यवधी लागले,
मग लाख, मग हजार,
आता एका टायरचा फरक.
दरवर्षी स्वस्त होत जाणारी गोष्ट
घाईने घेणारा मूर्ख,
हे मला आईने शिकवलंय, कोटांच्या बाबतीत.

काका एकोणीस ऑक्टोबरला गेला, मंगळवारी, चहा अर्धा ठेवून.
सवलतीला अडतीस दिवस होते.
अंत्यविधीवाल्या बाईने हळूच विचारलं, "आणखी काही हवंय?"
मी म्हणाले, नाही, निळा टाय राहू द्या.
कापसाचा एक बोळा.
एवढंच म्हणायचं होतं.
बस वळवून घरी आणल्यावर सुचलं.

बिस्किटांच्या डब्यात त्याची तीन पाकिटं सापडली,
सडबरीहून, एकसष्ट सालची, आजीच्या नावाने.
*पैसे पाठवतोय. हिशेब ठेव. इथे मासे चांगले नाहीत.*
तीन तिकिटं, तिन्हींच्या मागे त्याची जीभ.
कुणाचीही थुंकी न झेललेल्या माणसाची
तेवढीच शिल्लक.

प्रयोगशाळेत फोन केला.
एका तिकिटाचे एकवीसशे डॉलर, खात्री नाही,
आणि तिकीट परत मिळत नाही, ते विरघळतं.
शिवाय पोस्टातल्या कारकुनाने ओल्या स्पंजने चिकटवलं असेल
तर काहीच नाही;
कारकुनाने स्वतः चाटलं असेल
तर त्या कारकुनाचे पूर्वज.
पलीकडची मुलगी तरुण होती, खरं बोलणारी.
म्हणाली, "मॅडम, आत्ता नका करू. थांबा.
पाच वर्षं, सात वर्षं. आज अख्खं तिकीट लागतं,
उद्या त्याचा कोपरा पुरेल. पैसेही कमी पडतील."

थांबा.
मी इतकी हसले की तिने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना.

पाकिटं कोरड्या कागदात गुंडाळून ठेवली आहेत,
प्लास्टिकमध्ये नको म्हणाली ती.
मी अठ्ठावन्नची.
वर भाचीसाठी चिठ्ठी ठेवली: कुठे पाठवायचं, काय विचारायचं,
आणि आडनाव आलंच, तर माझ्या थडग्याशी येऊन मोठ्याने वाचायचं.
चिठ्ठीचं पाकीट बंद करायला जीभ काढली.
आता पाकिटं चाटावी लागत नाहीत.
पट्टी सोलायची, दाबायचं.

टायर मात्र चांगले निघाले.
चार हिवाळे झाले, अजून पकड आहे.